घोटभर अभिप्राय

माणसाला आयुष्यात हजार प्रश्न विचारले जातात. त्यांतले बरेचसे, उदाहरणार्थ 'काय, सध्या काय विशेष?', उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलेले असतात. आपण उत्तर द्यायला लागलो तर विचारणारा दचकतो. पण 'कशी वाटली?' असं विचारणारा माणूस मात्र उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाही. ही 'कशी' कधी कादंबरी असते, कधी नव्या सुनेची आमटी असते, कधी शेजारच्या मुलीनं पाहुण्यांसमोर गायलेली बंदिश असते.

या प्रश्नाला मी गेली तीस वर्षं तोंड देतो आहे, कारण मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो. माझ्या परीक्षणानं आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. कोणाचं बरं झाल्याचंही ऐकिवात नाही. 'आश्वासक', 'उल्लेखनीय' आणि 'वेगळ्या वाटेनं जाणारा' हे तीन शब्द, आणि 'मुखपृष्ठ समर्पक, छपाई निर्दोष' हे एक वाक्य, एवढ्या भांडवलावर मी हा धंदा केला. एकदाच काय ते एका तरुण कथालेखकाचं पोस्टकार्ड आलं. 'आपण माझ्या संग्रहाला उल्लेखनीय म्हटलंत. आभारी आहे. पण उल्लेख कशाचाच केला नाहीत. तेवढं कळवावं.' ते कार्ड मी शब्दकोशात खूण म्हणून घातलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

हे सगळं आता आठवायचं कारण बीअर.

माझा भाचा पुण्यात एका लहानशा ब्रुअरीत बीअर बनवतो. म्हणजे कारखाना नव्हे. पुढे टेबलं-खुर्च्या, मागे काचेपलीकडे चकचकीत टाक्या, आणि टाकीतली बीअर थेट नळातून तुमच्या ग्लासात, असा प्रकार. आमच्या ताईला मुलाचा हा उद्योग पचायला बरीच वर्षं लागली. सोसायटीत ती अजूनही 'तो फर्मेंटेशनमध्ये आहे' एवढंच सांगते. बायकांची समजूत अशी की इडलीच्या पिठाची फॅक्टरी असावी. दोघीतिघींनी तर मुंजीसाठी पीठ ठोक भावात मिळेल का, अशी चौकशीही केली होती.

तर या भाच्याचा फोन आला. "मामा, पहिल्यांदाच माझ्या मनाप्रमाणे एक बीअर केलीय. तू समीक्षक आहेस. येऊन चव बघ आणि खरं काय ते सांग." 'समीक्षक' या शब्दानं माझे कान इतके तृप्त झाले की पुढचे शब्द त्यांत शिरलेच नाहीत. ताई म्हणाली, "मीही येते. पोरगा दिवसभर कुठे असतो ते एकदा बघू तरी दे."

समीक्षकानं विषयाची थोडी तयारी करून जावं म्हणतात. पुस्तकाच्या बाबतीत मी मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो. बीअरला मलपृष्ठ नसल्यामुळे खरोखरच वाचावं लागलं. तेव्हा कळलं की बीअरचा आणि आपला संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. इंडिया पेल एल म्हणून जी कडवट बीअर हल्लीच्या पोरांना प्रिय आहे, तिच्या नावात आपण आहोत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या पूर्वेकडचा हॉजसन नावाचा एक बीअरवाला कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात बीअर धाडायचा. आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-सहा महिने लागत. हॉप्स नावाच्या वेलीची कडू बोंडं भरपूर घातली की बीअर तेवढा प्रवास सोसते. म्हणजे आपल्याकडे लोणचं टिकावं म्हणून मीठ घालतात त्यातलाच प्रकार. ही बीअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही गोष्ट मात्र मागाहून तिखटमीठ लावून सांगितलेली. तशा फिक्या बीअरी आधीपासून येतच होत्या. आणि ती प्यायचे साहेबलोक. गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टरच यायची. पंक्तिप्रपंच काही फक्त आपल्याकडेच नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून घरची. २००९ साली पुण्यात छोट्या ब्रुअऱ्यांची सुरुवात करणाऱ्या मंडळींनी आपल्या बीअरचं नाव 'डूलाली' ठेवलं. मला आधी ते आयरिश वगैरे वाटलं होतं. ती निघाली आपली नाशिकजवळची देवळाली! मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत बसायचे. जहाजं सुटायची हिवाळ्यात. जो बिचारा उन्हाळ्याच्या तोंडी येऊन पडे, त्याला महिनोन् महिने काही काम नाही, करमणूक नाही, समोर नुसता माळ. डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. टॅप म्हणजे नळ नव्हे, टॅप म्हणजे ताप! देवळालीचा ताप. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला अजून 'डूलाली' म्हणतात. दीडशे वर्षांनी त्या तापाला नळ लागला आणि तो पुण्यात आला.

कायद्याचंही बघून ठेवलं. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९चा कायदा अजून आहे आणि प्यायची तर परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आलेला आहे. हा परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी! शिवाय बीअर प्यायची अक्कल एकविसाव्या वर्षी येते आणि व्हिस्की प्यायची पंचविसाव्या, असंही सरकारनं ठरवून दिलेलं आहे. माझी दोन्ही वयं उलटून बराच काळ लोटला असल्यानं मी निर्धास्त होतो.

भाच्यानं आम्हांला बोलावलं होतं मंगळवारी दुपारी चारला. चव बघायला जायचं ते गर्दीच्या वेळी जायचं नाही, हा म्हणे पहिला शिष्टाचार. मला पटला. मंडईत सकाळी सातला आंब्याची फोड मागणाऱ्याला आंबेवाला जे ऐकवतो, ते शनिवारी रात्री नऊला इथला पोऱ्या इंग्रजीत ऐकवत असेल.

आम्ही बसलो. भाच्यानं एक लाकडी फळी आणून ठेवली. तिला पाच भोकं, प्रत्येक भोकात एक इवलासा ग्लास. ताई पटकन म्हणाली, "अगंबाई, पंचपाळं!" अगदी हळदीकुंकवाचंच. फिक्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंत पाच रंग. "मामा, यांतली एक माझी आहे. कुठली ते सांगणार नाही," भाचा म्हणाला. "नाहीतर तू भाच्याची म्हणून चांगलं बोलशील." माणसाला नातेवाइकांनी इतकं ओळखू नये.

मग त्यानं नियम सांगितले. फिकीपासून सुरुवात, काळी शेवटी. कारण आधी कडू आणि जड पोटात गेली की मग हलकीची चव जिभेला लागतच नाही. हे तर कुठल्याही मैफिलीत कळतं. भैरवीनंतर कोणी यमन लावत नाही. दोन ग्लासांच्या मध्ये घोटभर पाणी. अत्तर लावून यायचं नाही. मी कोटाला थोडं लावलं होतं, तेव्हा कोट पलीकडच्या खुर्चीवर गेला. बर्फासारखी गार करून मागायची नाही, कारण गारठ्यानं वास मिटतो आणि वास मिटला की चवीत उरतं काय? सर्दी झालेल्या माणसाला पुरणपोळी वाढून बघा. आधी हुंगायचं, मग प्यायचं. आणि गिळायचं. वाइनवाले चूळ भरून थुंकतात, बीअरवाले गिळतात. गिळल्यावर घशामागून नाकात जो वास चढतो, त्यात निम्मी गंमत असते. हा नियम ऐकून बीअरवाल्यांबद्दलचा माझा आदर दुणावला. अन्नाचा मान राखणारी माणसं दिसतात.

हे सगळे नियम मला मान्य आहेत. त्यांना कारण आहे. मला जाच होतो तो कारण नसलेल्या नियमांचा. पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते. वय चाळीस, दाढी राखलेली, हातात वही. ते ग्लास उजेडाकडे धरत, डोळे बारीक करत, हुंगत, घोट घेत, तोंडात घोळवत, आणि मग रेडिओवर क्रिकेटचं समालोचन करावं तसं सोबतच्या दोघांना सांगत: "हिला एक व्यक्तिमत्त्व आहे. प्रामाणिक आहे. पण थोडी संकोची." मला आधी वाटलं, स्थळाबद्दल चाललंय. मग म्हणाले, "नाकाला आंबा. मागून संत्रं. शेवट रेंगाळतो." शेवटी वहीत गुण मांडले: पाचपैकी पावणेचार. पावणेचार! ती पाव कशी कापली असेल? आमच्या शाळेत मराठीचे मास्तर निबंधाला पावपाव गुण देत आणि विचारलं तर 'तुझ्या अक्षराकडे बघ' म्हणत.

मी भाच्याला हळूच म्हटलं, "काय रे, बीअरमध्ये आंबा कुठून आला?"

"बरोबर बोलतायत ते. काही हॉप्सना तसाच वास असतो. आंबा न घालता आंबा."

मी वरमलो. पुढे त्यानं सांगितलं ते तर याहून नवलाचं. गव्हाच्या जर्मन बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यात ना केळं ना लवंग. ती सगळी यीस्टची करामत. उलट बेल्जियमच्या पांढुरक्या बीअरमध्ये खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. (ताईनं तिथे पहिल्यांदा मान डोलावली. धणे हा तिच्या ओळखीचा मुलूख.) काळ्या स्टाउटला कॉफीचा वास येतो तो भाजलेल्या सातूचा. "ते काका आंबा म्हणाले की मला कळतं हॉप्स नीट पडले," भाचा म्हणाला. "ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणाले की कळतं कुठेतरी हवा लागली. पण प्रामाणिक म्हणाले की मी काय करू? टाकीचा कुठला कॉक फिरवू?"

तेव्हा मी हसलो होतो. शेवटचा प्रश्न मलाही लागू पडतो, हे लक्षात यायला अजून अर्धा तास अवकाश होता.

बीअरला असले शब्द कोणी शिकवले, तेही वाचून ठेवलं होतं. मायकेल जॅक्सन नावाच्या इंग्रज पत्रकारानं. तो नाचणारा नव्हे. हा चष्मेवाला, दाढीवाला, १९४२ साली जन्मला आणि २००७ साली गेला. १९७७ साली त्यानं जगभरच्या बीअरींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यांची कुळं लावून दिली. तोवर बहुतेकांच्या लेखी बीअर ही बीअर होती. गार असली की चांगली. या माणसानं बेल्जियममधल्या खेड्यांतल्या ब्रुअऱ्या पालथ्या घातल्या, कुठली बीअर कशी बनते, कोण बनवतं, तिचा वास कशाचा, ते नाव घेऊन सांगितलं, आणि मोडकळीला आलेल्या कितीतरी जुन्या बीअरींना गिऱ्हाईक मिळवून दिलं. समीक्षकानं जगात काही उपयोगाचं केल्याची उदाहरणं थोडी, म्हणून हे नमूद करतो. त्याच्यामागून आलेल्यांनी नाव घेऊन सांगणं सोडलं आणि पावणेचार तेवढे उचलले. आमच्या मराठी समीक्षेत दुसरं काय झालं?

शिष्टाचाराचा खरा कस लागतो तो नको म्हणताना. मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही कोलोनला गेलो होतो. कोलोन म्हणजे तेच, ज्या गावच्या पाण्याच्या घड्या लहानपणी ताप आला की आई कपाळावर ठेवायची. (देवळालीच्या शिपायांना कोणी ठेवल्या असत्या तर एक ब्रुअरी नावाविना राहिली असती.) तिथली कोल्श नावाची बीअर दोनशे मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते. वाढप्याला 'कोबेस' म्हणतात. निळा एप्रन, चेहरा पुणेरी. ग्लास रिकामा झाला की तो न विचारता दुसरा भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. तो संपला की तिसरा. आपण नको नको म्हणतोय, तो ऐकत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तोंडानं सांगून उपयोग नाही. पुठ्ठा ग्लासावर ठेवा." ठेवला. गडी त्या क्षणी थांबला. मला गहिवरून आलं. हा तर पंगतीतला पानावरचा आडवा हात! जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला निघालेल्या यजमानालाही तो एकच हात कळतो. फक्त आमच्याकडे रेघा ओढत नाहीत, म्हणून यजमान कर्जात बुडतात.

पण आडवा हात 'पुरे' सांगतो, 'आवडली नाही' सांगत नाही. ते सांगायला आपल्याकडे हातही नाही आणि पुठ्ठाही नाही.

आता माझ्या परीक्षणाकडे वळतो. पाचांतली भाच्याची कुठली ते ठाऊक नसल्यामुळे मी धोका पत्करला नाही. पाचही ग्लासांचं सारखंच कौतुक केलं. पहिल्या फिक्या लागरचा घोट घेतल्यावर जिभेवर काहीतरी तुपकट, बुळबुळीत रेंगाळलं. म्हटलं, असेल त्या जातीची तशी रीत. तोंडानं म्हणालो, "मुलायम आहे. आश्वासक." दुसरी उल्लेखनीय झाली, तिसरी वेगळ्या वाटेनं गेली. चौथीला शब्द संपले म्हणून तिलाही आश्वासक म्हटलं. पाचवीच्या वेळी ग्लास समर्पक असल्याचं सांगितलं. भाचा 'हं' म्हणत होता. पहिल्या ग्लासानंतरच त्याचा चेहरा उतरला होता, हे मला नंतर आठवलं.

ताई इतका वेळ लिंबूसरबत घेऊन टाक्या बघत होती. तिनं उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. भाचा म्हणाला, "आई, तू नुसता वास तरी घे." वास घ्यायला परवाना लागत नाही. ताईनं चष्मा वर सरकवला आणि घरी दूध नासलंय का बघते त्या पद्धतीनं एकेक ग्लास नाकाशी नेला. पाचवा. "कॉफी." चौथा. "हे धणे." तिसऱ्याला नाक मुरडलं. दुसऱ्याला "केळं पिकलंय जास्त." पहिला नेला आणि थांबली. पुन्हा नेला.

"अरे, ह्याला लोण्याचा वास येतोय. लोणी काढून ताकाचं पातेलं घासायचं राहिलं ना, की येतो तसा. हे काही बरोबर नाही."

भाच्यानं टाळीच वाजवली. आपल्या बीअरला नावं ठेवली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी साहित्यात पाहिलेला नाही. तीच त्याची बीअर होती. लोण्याला लोण्याचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य बीअर आंबतानाही तयार होतं. त्याला डायअॅसिटिल म्हणतात. यीस्ट ते तयार करतं आणि टाकी दोन-तीन दिवस जराशी उबेत ठेवली तर आपलं आपण गिळूनही टाकतं. पोरानं केलेला पसारा पोरानंच आवरावा तसं. पण शनिवारी नवी बीअर जाहीर केली होती, म्हणून मालकांनी घाईनं टाकी गार करायला लावली होती. गारठ्यात यीस्ट झोपलं आणि पसारा तसाच राहिला. भाच्याला संशय होता. पण आपणच केलेल्या पदार्थाचं आपल्याला काय कळणार, म्हणून तो आठवडाभर येईल त्याला विचारत होता. सगळे म्हणाले, मुलायम आहे. मालक म्हणत, बघ, सगळे मुलायम म्हणतायत. म्हणून त्यानं मला बोलावलं होतं.

"मग मामा, तुला नाही आला वास?"

मी खोटं बोललो नाही. आला होता म्हणालो.

"मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तुझं मन दुखवायचं नव्हतं' असं म्हणणार होतो, पण ते खरं नव्हतं. माझी पंचाईत टाळायची होती एवढंच. इकडे हजार लिटर बीअर टाकीत उभी होती आणि मी 'छपाई निर्दोष'च्या बेतात होतो.

त्या संध्याकाळी भाचा मालकांशी भांडला. टाकी पुन्हा उबेला आणून चार दिवस थांबायचं ठरलं. शनिवार बुडाला, जाहिरात फुकट गेली आणि भाच्याची पगारवाढ सहा महिने पुढे गेली. रिक्षात ताई म्हणाली, "तू एवढा शिकलेला, तुला कसं रे कळलं नाही?" कळलं होतं हे तिला सांगितलं नाही.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. पोस्टकार्ड अजून तिथंच होतं, 'उ'च्या पानात, पिवळं पडलेलं. कपाटातून तो कथासंग्रह काढला आणि रात्री पुन्हा, म्हणजे खरं सांगायचं तर पहिल्यांदाच, शेवटपर्यंत वाचला. तिसरी कथा फार चांगली आहे. उरलेल्या सातांत तो शेवटची दोन पानं उगीचच समजावून सांगत बसतो. ती काढली असती तर त्यांतल्या चार तरी उभ्या राहिल्या असत्या. हे त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. त्याचं पुढचं पुस्तक काही माझ्या पाहण्यात आलं नाही. कार्डावरच्या पत्त्यावर हे सगळं लिहून धाडलंय. इतक्या वर्षांनी तो तिथे राहत असेल की नाही कोण जाणे.

ताई मात्र आता महिन्यातून एकदा मंगळवारी चारला रिक्षानं ब्रुअरीत जाते. भाडं मालक देतात. अजून तिनं थेंबही चाखलेला नाही. एकादशी-चतुर्थीला वाससुद्धा घेणार नाही, एवढी अट तिनं आधीच घातली आहे. गुण ती देत नाही. परवा पलीकडच्या टेबलावरच्या दाढीवाल्या गृहस्थांनी वही पुढे करून अदबीनं विचारलं, "मावशी, हिला किती द्याल?" ताई म्हणाली, "आधी ग्लास नीट विसळून आणायला सांगा. साबणाचा वास येतोय."